ट्रेडमिल की रस्ता? गुडघ्यांपेक्षा जून आणि ऑक्टोबर जपा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, वजन ८२ किलो, पुण्यात वाकडला राहतो, दिवसभर बैठं काम. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९ आली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलं. शाळेनंतर कधी पळालेलो नाही. सोसायटीच्या जिममध्ये दोन ट्रेडमिल आहेत. तिथले ट्रेनर म्हणतात, ट्रेडमिलवरच पळा, गुडघे वाचतील. ऑफिसातला मॅरेथॉन पळणारा मित्र म्हणतो, ते पळणं खरं नव्हेच, पट्टाच पाय मागे ओढतो, निदान १ टक्का चढ तरी लाव. बाहेर जुलैचा पाऊस. कुठे सुरुवात करू, कॅलरी कुठे जास्त जळतात, की पावसाळा संपेपर्यंत थांबू?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. २१ वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं स्वतःही पळते, पावसाळ्यात ट्रेडमिलवर आणि एरवी तळजाईच्या टेकडीवर. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. याच आठवड्यात सोसायटीच्या ट्रेडमिलवर सुरुवात करा, पाऊस थांबायची वाट बघू नका. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाहेर या, पण एकदम नको, आठवड्यातला एकेक दिवस बदलत या. कॅलरी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. गुडघ्यांसाठी दोन्ही चालतील. एका जागेवरून दुसरीकडे जाताना मात्र तुमची पोटरी किंवा नडगी दुखावू शकते, आणि हे तुम्हाला ना ट्रेनरनी सांगितलंय ना मित्राने.

माझ्याकडे पळणाऱ्यांची गर्दी वर्षातून दोनदा होते. पहिली जूनच्या शेवटाला. सहा-आठ महिने बाहेर पळणारी माणसं पाऊस लागला की एका दिवसात ट्रेडमिलवर जातात. तेवढंच अंतर, तोच वेग. दोन-तीन आठवड्यांत तक्रार येते: पोटरी आखडली आहे, सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या मागे ओढल्यासारखं होतं. दुसरी गर्दी ऑक्टोबरमध्ये, उलट्या दिशेने. चार महिने ट्रेडमिलवर पळून दम छान वाढलेला असतो. दसऱ्याला सोनं लुटून झालं की पहिल्या रविवारी मित्रांबरोबर सात-आठ किलोमीटर रस्त्यावर. मग नडगीची आतली कड हात लावू देत नाही, किंवा जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. पहिल्या गटातले ट्रेडमिलला नावं ठेवतात, दुसऱ्या गटातले रस्त्याला. मी दोघांनाही मागच्या सहा आठवड्यांची नोंद मागते, हल्ली ती घड्याळात असतेच. दोघांच्या नोंदीत एकच गोष्ट सापडते. जागा बदलली आणि अंतर तसंच ठेवलं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं घेऊ. पट्टा पाय ओढतो, म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूंना काम राहत नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की सविस्तरच सांगते. डेक्कन क्वीन एकसारख्या वेगाने धावत असताना तुम्ही डब्यात इंजिनाच्या दिशेने चालत गेलात किंवा उलट आलात, तर पायांना वेगळा जोर लागतो का? नाही लागत. डबा वेग बदलत नसेल तर तुमच्या शरीराच्या दृष्टीने तो स्थिरच असतो. ट्रेडमिलचा पट्टा हा तसाच एकसारख्या वेगाने सरकणारा डबा आहे. तुम्ही त्याच्यावर पाय टेकता, शरीराचं वजन तोलता, मागे जोर देऊन वर उचलता, हे सगळं काम रस्त्यावरच्यासारखंच होतं. ते केलं नाहीत तर पट्टा तुम्हाला मागे टाकून देईल. फरक पडतो तो यंत्र कमजोर असेल तेव्हा. मोटर लहान असली आणि ८२ किलोचा माणूस पाय टेकत असला की प्रत्येक पावलाला पट्टा क्षणभर अडखळतो आणि मग पुढे सुटतो. हा हिसका पायाला जाणवतो, कानालाही ऐकू येतो. सोसायटीच्या दोन यंत्रांपैकी एकावर असं होत असेल तर दुसरं वापरा आणि सेक्रेटरींना पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल टाकून घ्यायला सांगा. महिनोन्महिने तेल न घातलेला पट्टा हे या हिसक्याचं नेहमीचं कारण आहे.

खरा फरक हवेचा. बाहेर तुम्ही हवा कापत पुढे जाता, ट्रेडमिलवर हवा जागच्या जागी असते. १ टक्का चढाचा सल्ला इथूनच आला. अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डूस्ट या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९९६ साली प्रशिक्षित धावपटूंवर मोजमाप करून दाखवलं की ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला तर ऑक्सिजनचा खर्च मोकळ्या रस्त्यावरच्या खर्चाशी जुळतो. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साधारण १०.५ ते १८ किलोमीटरचे होते. हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे वेगवान धावपटूला तो लागतो. तुम्ही पहिले काही महिने ताशी सात-आठच्या पुढे जाणार नाही. त्या वेगाला हवेचा विरोध इतका किरकोळ आहे की चढ शून्यावर ठेवलात तरी काही बिघडत नाही. मित्राला १ टक्का लागू असेल, तुम्हाला नाही.

कॅलरींचं गणितही सरळ आहे. पळताना माणूस दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो, जागा कुठलीही असो. ८२ किलोला पाच किलोमीटर म्हणजे चारशेच्या आसपास. ट्रेडमिलच्या पडद्यावर याहून बराच वेगळा आकडा दिसला तर बहुधा तुम्ही वजन टाकलेलं नसतं आणि यंत्राने स्वतःच काहीतरी धरलेलं असतं. दुसरं कारण हात. पुढचा दांडा धरून पळालात की शरीराचा काही भार हातांवर जातो आणि पायांचं काम कमी होतं. यंत्राला ते कळत नाही, ते पूर्ण पळाल्याचाच हिशेब दाखवतं. आणि दांड्यावर हात स्थिर राहिले की मनगटावरचं घड्याळ पावलं चुकवतं, त्यामुळे तिथलाही आकडा फसतो.

वेगाच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जिममधल्या जुन्या यंत्रांचा वेग सरकलेला असतो. तो तपासायला कुणाला बोलवावं लागत नाही. यंत्र बंद असताना पट्ट्याच्या कडेला खडूने खूण करा आणि टेप लावून, पट्टा हाताने सरकवत, त्याचा पूर्ण घेर मोजा. समजा तो २.८ मीटर भरला. आता यंत्र ८ वर चालू करा, कुणालातरी त्याच्यावर पळू द्या आणि तुम्ही बाजूला उभं राहून एका मिनिटात खूण किती वेळा समोरून जाते ते मोजा. ४५ वेळा आली तर मिनिटाला १२६ मीटर, म्हणजे ताशी साडेसातच्या थोडं वर. पडद्यावर ८ आहे, तुम्ही मात्र साडेसातने पळताय. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना ट्रेडमिलवर जमणारा वेग बाहेर का जमत नाही म्हणून फार निराशा आली होती. यंत्र मोजल्यावर त्यांची छाती आणि पाय दोन्ही निर्दोष निघाले. मोजताना कुणीतरी पट्ट्यावर पळत असायलाच हवं, कारण रिकामा पट्टा जास्त वेगाने फिरतो.

गुडघ्यांचं सांगते, कारण ट्रेनरांचा मुद्दा तोच आहे आणि तुमची भीतीही तीच दिसते. हौशी पळण्याने गुडघे झिजतात, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौसेने पळणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के दिसलं. यावरून पळाल्याने गुडघे बरे होतात असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण मुळात गुडघे चांगले असलेली माणसंच पळत राहतात हेही आहे. पण आठवड्यातून तीनदा अर्धा तास पळणाऱ्या माणसाला गुडघ्यासाठी घाबरायचं कारण यात दिसत नाही. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत अस्तराला, दाब आणि मोकळीक आलटून पालटून मिळणं हेच तिचं पोषण आहे. दिवसाचे दहा तास खुर्चीत गुडघे दुमडून बसणं तिला जास्त जाचतं.

मग ट्रेडमिलची गादी मऊ असते त्याचं काय? पट्ट्याखालची फळी थोडी लवते, हे खरं. पण आपलं शरीर हुशार आहे. पायाखाली मऊ लागलं की पळणारा नकळत पाय ताठ करतो, कडक लागलं की गुडघा-घोटा जास्त वाकवून धक्का मुरवतो. त्यामुळे शरीराला बसणारा एकूण धक्का जमिनीच्या प्रकाराने वाटतो तितका बदलत नाही. ट्रेडमिल आणि रस्ता यांच्या थेट तुलनेत गुडघ्याच्या वाटीवरचा भार जवळपास सारखाच निघाला. टाचेमागच्या जाड टेंडनवरचा, म्हणजे अकिलीसवरचा भार मात्र ट्रेडमिलवर बारा-चौदा टक्क्यांनी जास्त निघाला. लोक ट्रेडमिलवर थोडी आखूड पावलं टाकतात, तळवा जास्त सपाट टेकतात, घोट्यावर जास्त काम येतं. जूनमधली माझी पहिली गर्दी यातूनच येते. पोटरीला रोज बारा टक्के जास्त, तेही तयारीशिवाय, आणि तीन आठवड्यांनी ती बोलते.

ऑक्टोबरचं कारण वेगळं. ट्रेडमिलवर हजारो पावलं एकसारखी पडतात. वळण नाही, खड्डा नाही, उतार नाही. बाहेर प्रत्येक पाऊल थोडं निराळं. घोट्याचे आणि खुब्याचे जे लहान स्नायू डावी-उजवीकडचा तोल सांभाळतात, त्यांना चार महिने सुट्टी मिळालेली असते. उताराला मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, आणि घरगुती किंवा सोसायटीच्या ट्रेडमिलवर उतार बहुधा नसतोच. त्यात बाहेरचा वेग. ट्रेडमिलवर ७.५ लावलं की ७.५. रस्त्यावर मोकळी हवा लागते, पुढे कुणी दिसतं, आणि नवखा माणूस पहिल्याच किलोमीटरला नऊ-साडेनऊने सुटतो. दम साथ देतो, नडगीचं हाड देत नाही. हृदय आणि फुप्फुसं सहा-आठ आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि टेंडन यांना त्याहून बरेच महिने लागतात. हे अंतर मी रुग्णांना परत परत समजावते, कारण अंगात ताकद आल्यासारखं वाटत असतानाच बहुतेकांचं दुखणं सुरू होतं.

तुमच्यासारख्याने सुरुवात ट्रेडमिलवर करावी असं मी म्हणते ते याच वेगाच्या कारणाने. शाळेनंतर न पळालेल्या माणसाला हळू पळणं म्हणजे किती हळू, हे माहीत नसतं. यंत्र ते शिकवतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं ५ ते ५.५ ने चाला. मग एक मिनिट ७ ने पळा, दोन मिनिटं चाला, असं सात-आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चाल. पळताना शेजारच्या ट्रेडमिलवरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘आज ऑफिसला उशिरा जायचंय’ एवढं एका श्वासात म्हणता येत नसेल तर ७ चं ६.५ करा, कमीपणा मानू नका. दर आठवड्याला पळायची मिनिटं थोडी वाढवा, चालायची थोडी कमी करा. वेगाला आठ आठवडे हात लावू नका. मध्ये एक दिवस विश्रांती हवीच, सलग दोन दिवस पळणं आत्ता नको.

ट्रेडमिलचं एक बटण नवखे लोक वापरतच नाहीत, ते चढाचं. टीएमटी म्हणून हृदयाची जी तपासणी आपल्याकडे केली जाते ती आठवा. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेल्या त्या पद्धतीत पट्टा सुरुवातीला ताशी फक्त २.७ किलोमीटरने चालतो, पण चढ १० टक्के असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात, आणि नऊ मिनिटं पूर्ण करणाऱ्या माणसाला घाम फुटलेला असतो, एकही पाऊल न पळता. हृदयाला कामाला लावायला वेगच लागतो असं नाही. नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर ताशी ५.५ ने ८ टक्के चढावर चालायला सपाटीवर त्याच वेगाने चालण्याच्या दुप्पट ऑक्सिजन लागतो. हा खर्च सपाटीवर ताशी ७ ने पळण्याच्या जवळ जातो. पळताना पाय टेकतो तेव्हा जमिनीचा उलट जोर वजनाच्या दोन-अडीचपट असतो, चालताना वजनाहून थोडाच जास्त. साखर आटोक्यात आणायची असेल तर तुमच्यासाठी हे फार उपयोगी हत्यार आहे. आठवड्यातले दोन दिवस पळा, तिसऱ्या दिवशी ३० मिनिटं ६ ते ८ टक्के चढावर भरभर चाला. दांडा न धरता. धरावाच लागत असेल तर चढ कमी करा. चढाला पोटरी ताणली जाते, म्हणून तोही ३ टक्क्यांपासून सुरू करून वर न्या.

आता ट्रेडमिलवर बघून मला रोज टोकावंसं वाटतं अशा दोन गोष्टी. लोक पडद्याला चिकटून पळतात. छाती पुढच्या कठड्याला लागेल की काय इतके पुढे. मग हात मोकळे हलत नाहीत, पावलं बिचकत पडतात. पट्ट्याच्या मधोमध पळा आणि नजर समोर ठेवा, खाली पायांकडे नको. दुसरी गोष्ट आवाज. धप, धप असा आवाज येत असेल तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय. वेग तोच ठेवून पावलं थोडी आखूड आणि भरभर टाका. मिनिटाला दीडशे पडत असतील तर एकशे साठ करून बघा. पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे आणि क्लिनिकमध्ये मी ते डोळ्यांसमोर पाहते. आवाज बदलतो तसा माणसाचा चेहराही सैलावतो.

लाल दोरीची क्लिप कपड्याला लावा, रोज. ती लोंबकळत ठेवायची शोभेची वस्तू नाही, पाय घसरला तर पट्टा थांबवणारी तीच एक गोष्ट आहे. यंत्राच्या मागे दोन मीटर मोकळी जागा हवी, भिंत किंवा डंबेलचा रॅक नको. लहान मुलांना चालू यंत्राजवळ फिरकू देऊ नका, पट्ट्यात बोटं जाऊन भाजल्यासारख्या जखमा होतात. आणि उतरल्यावर क्षणभर जमीन पुढे सरकते आहे असं वाटलं तर घाबरू नका, ती डोळ्यांची आणि तोलाची गफलत असते, शेवटची पाच मिनिटं वेग उतरवत नेला की कमी होते.

सोसायट्यांचे जिम बहुतेक तळघरात किंवा पार्किंगला लागून असतात. तिथे हवा हलत नाही. पळताना बाहेर जो वारा अंगाला लागतो, त्याने घाम वाळतो आणि अंग थंड राहतं. बंद खोलीत तो वारा नसतो, म्हणून त्याच वेगाला नाडी जास्त धावते आणि ट्रेडमिल कठीण वाटते. पंखा समोरून, अंगावर येईल असा लावून घ्या. हे एवढं केल्यावर अनेकांचं ‘मला ट्रेडमिलवर कंटाळा येतो’ निम्मं कमी झालेलं मी पाहिलं आहे, कारण त्यांना कंटाळ्यापेक्षा जास्त उकाडा होत होता. उरलेला कंटाळा खराच आहे. त्यावर गाणी ऐका, क्रिकेटची मॅच बघा, पण मोबाइल हातात धरून नको.

बाहेरचं सांगते, कारण तिथे जायचंच आहे. मोकळ्या हवेत, झाडाखाली, ओळखीच्या चार चेहऱ्यांबरोबर पळण्यात जो आनंद आहे तो तळघरात नाही, आणि वर्षानुवर्षं व्यायाम टिकतो तो आनंदावरच. दादरच्या शिवाजी पार्कात सकाळी सहाला जा, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढणारे बघा, ठाण्यात येऊरला जाणारे बघा. तुमच्या वाकडहून बाणेरची टेकडी आणि पाषाणचा तलाव जवळ आहेत. मातीची, बऱ्यापैकी सपाट वाट मिळाली तर ती पहिली निवड. त्यानंतर डांबर. सगळ्यात शेवटी पेव्हर ब्लॉक. पावसानंतर त्यांतले काही खचतात, काहींची कड वर येते, फटीत शेवाळ धरतं, आणि संध्याकाळच्या उजेडात ते दिसत नाही. मुरगळलेल्या घोट्यांचा माझा अनुभव सांगतो की खड्ड्यापेक्षा हा बोटभर वर आलेला ब्लॉक जास्त घात करतो, कारण खड्डा माणूस चुकवतो.

रस्त्याचा आडवा उतारही ध्यानात ठेवा. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. समोरून येणारी वाहनं दिसावीत यासाठी उजव्या कडेने पळायचं, हा नियम बरोबरच आहे. पण मग जातानाही उजवा पाय खाली आणि येतानाही उजवाच पाय खाली. महिनाभरात एका बाजूचा खुबा किंवा गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते आणि कारण सापडत नाही. आठवड्यातला निदान एक दिवस मैदानावर किंवा टेकडीवर पळा, आणि मैदानावर फेऱ्या मारताना दिशा अधूनमधून बदला.

कुत्री मागे लागली तर थांबा, पळू नका, त्यांच्या डोळ्यांत न बघता सावकाश चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. खरचटलं असेल तरीही.

हवेचं. नोव्हेंबर ते जानेवारीत पहाटेची थंड हवा खाली बसते आणि धूर, धूळ तिच्यात अडकून राहतात. पहाटे पाचला पळणं आरोग्याला उत्तम, हे त्या दिवसांत खरं नसतं. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर किंवा पाषाणच्या हवामान संस्थेच्या ‘सफर’वर हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघा. १०० पर्यंत निश्चिंत पळा. २०० च्या वर असेल तर त्या दिवशी ट्रेडमिल. मधल्या आकड्यांना दमा नसलेल्या माणसाने हळू पळायला हरकत नाही, आठ वाजता पळाल्यास आणखी बरं. आणि ‘ड’ जीवनसत्त्वासाठी म्हणून बाहेर पळत असाल तर सकाळचं कोवळं ऊन त्या कामाचं नाही. सूर्य कलता असताना त्या जीवनसत्त्वासाठी त्वचेला हवे असलेले किरण जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. पळायचं सकाळी, जीवनसत्त्वाचं बघायचं वेगळं.

मार्च-मेमध्ये उलट. विदर्भात राहणाऱ्या माझ्या रुग्णांना मी एप्रिलपासून ट्रेडमिलच सांगते. पुण्यात सकाळी सातच्या आत आटोपलं तर बाहेर चालतं, पण उन्हाळ्याचे पहिले दहा-चौदा दिवस शरीर उष्णतेला सरावत असतं, तेवढे दिवस वेग उतरवा.

तुमचं वय आणि साखर बघता एक अट घालते. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांतलं काहीही कधी झालं असेल, रक्तदाब असेल, तंबाखू-सिगारेट असेल किंवा वडील-भावाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर पळण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि टीएमटी लागते का ते त्यांना ठरवू द्या. यांतलं काही नसेल तर चालण्यापासून सुरुवात करायला अडचण नाही.

ऑक्टोबरची योजना आत्ताच लिहून ठेवा. समजा तोवर ट्रेडमिलवर सलग ३० मिनिटं पळताय. पहिले दोन आठवडे तीनपैकी फक्त एक दिवस बाहेर, २० मिनिटं, मध्ये मध्ये चालत, घड्याळात ट्रेडमिलपेक्षा ताशी अर्धा किलोमीटर कमी वेग ठेवून. पुढचे दोन आठवडे दोन दिवस बाहेर. नोव्हेंबरच्या मध्यापासून तिन्ही दिवस बाहेर, हवा चांगली असेल तेव्हा. पुढच्या जूनमध्ये हेच उलट्या क्रमाने. त्या काळात पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा, १५ वेळा, दिवसातून दोनदा, कठड्याला हात लावून. आणि एका पायावर अर्धा मिनिट उभं राहणं, दात घासताना.

रोज सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या दहा पावलांकडे लक्ष द्या. टाचेमागे किंवा तळव्याला ताठरपणा वाटला आणि दहा पावलांत गेला तर त्या दिवशी चाला, पळू नका. नडगीवर एका बोटाने दाबून एकाच जागी नेमकं दुखत असेल तर पळणं बंद ठेवून दाखवायला या. ते स्नायूचं दुखणं नसून हाडाचं असू शकतं, आणि तिथे आठवडाभराची दिरंगाई पुढचे दोन-तीन महिने खाते.